"आमच्याकडेच नोकरी का?"



कृषी पदविका किंवा पदवी घेऊन तुमचा मुलगा वा मुलगी मुलाखतीला निघाली की घरात धावपळ असते ती कपड्यांच्या इस्त्रीची आणि प्रमाणपत्रांच्या फाइलीची. आत साहेब शांतपणे विचारतात, "आमच्याकडेच नोकरी का करायची?" आणि पोर गडबडते. "साहेब, घरची परिस्थिती बेताची आहे," असे उत्तर बहुतेक वेळा येते. ते खरेच असते. पण बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची परिस्थिती तशीच असते; तेवढ्यावरून साहेबांनी निवड कशी करावी? दुसरे ठरलेले उत्तर, "आपली कंपनी फार मोठी आहे." ते तर साहेबांना आधीच ठाऊक असते!

साहेबांची काळजी निराळी असते. नवा माणूस शिकवून तयार करावा आणि त्याने लगेच दुसरीकडे जावे, हा नुकसानीचा सौदा. हा टिकेल का, आणि आपले काम याला कळते का, हे त्यांना त्या प्रश्नातून पाहायचे असते.

आपल्या जळगावची जैन इरिगेशन घ्या. भवरलाल जैन मूळचे वाकोदचे, शेतकरी घरातले. १९६३ साली रॉकेलच्या व्यापारापासून त्यांनी सुरुवात केली. १९७८ साली केळीच्या भुकटीचा कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढले, १९८० साली पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक आणले. पुढे केळीची टिश्यूकल्चर रोपेही आली. एवढी माहिती पोराने जरूर वाचून जावी, पण साहेबांपुढे ती पाठ म्हणून दाखवू नये. तिच्यातला कोणता धागा आपल्या शेतापर्यंत येतो, ते शोधावे.

समजा, रावेर-यावलकडचा मुलगा आहे. तो असे सांगू शकतो: "साहेब, आमची कांदेबाग ठिबकवर आहे. विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे ड्रीपर बंद पडतात. आबांनी आणि मी नळ्यांत आम्ल सोडून, शेवटची टोके उघडून त्या धुतल्या, म्हणून संच चालू राहिला. शेजारच्या काकांनी मात्र कंटाळून नळ्या गुंडाळून ठेवल्या. संच विकल्यावर तो चालता ठेवणारा माणूस गावात लागतो. ते काम मला करायचे आहे." या उत्तरात कंपनीची स्तुती नाही, स्वतःची रडकथाही नाही. मात्र हे केलेले असेल तरच सांगावे. पुढचा प्रश्न "आम्ल किती सोडले?" हाच येणार.

धुळे-शिंदखेड्याकडची मुलगी बँकेत शेतीकर्जाच्या कामासाठी गेली, तर तिच्याजवळही सांगण्यासारखे असते. कापसाच्या बियाण्याला पैसा जूनच्या आधी हातात हवा, उशीर झाला की उधारीवर दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते, हे तिने घरी पाहिलेले असते. पण ही मुले नेमके तेच लपवतात. शेतात राबलो म्हटले तर अडाणी ठरू, ही भीती! अहिराणीचेही तसेच. बांधावर शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलता येणे ही अशा नोकरीत जमेची बाजू आहे.

स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला असेल आणि साहेबांनी विचारले, तर खरे सांगावे. खोटे बोलून मिळालेली नोकरी पहिल्या सुट्टीच्या अर्जालाच अडचणीत येते.

आदल्या रात्री जेवणानंतर आबांनी साहेब व्हावे आणि हाच प्रश्न पोराला चार वेळा विचारावा. आईनेही ऐकावे, उत्तर तिला पटले नाही तर ते बदलावे. शेवटी साहेब म्हणतात, "तुम्हाला काही विचारायचे आहे?" तेव्हा मान हलवून उठू नये. कोणता तालुका मिळेल, विक्रीचे उद्दिष्ट किती, उधारी वसूल कोणी करायची आणि मोटारसायकलचे पेट्रोल कोणाच्या खिशातून, हे तिथेच विचारून घ्यावे.