चांगली कोंबडी का मारायची?

मागे एका गावी महिला बचत गटाच्या बैठकीत मी बर्ड फ्लूची माहिती सांगत होतो. रोगट कोंबड्यांबरोबर आसपासच्या धडधाकट कोंबड्याही माराव्या लागतात, असे म्हणताच मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "साहेब, माझी कोंबडी दाणे टिपते, अंडं देते. रोग शेजाऱ्याच्या कोंबडीला, अन् मरायचं माझ्या कोंबडीनं?" बाया हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण याच प्रश्नावर जगभरातील जाणकारांत वाद चालू आहे.

आपल्या देशात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम सापडला तो आपल्याच राज्यात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे पोल्ट्रीचे मोठे ठाणे. तेथे १८ फेब्रुवारी २००६ रोजी रोगाचे निदान जाहीर झाले. त्याआधी काही दिवस कोंबड्या मरतच होत्या. पण ही नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत असावी, असे पुष्कळांना वाटले. त्यांचा तरी काय दोष? दोन्ही रोगांत पक्षी मलूल होतो, हगवण लागते, मान वाकडी होते आणि पटापट मर लागते. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. त्या वेळी ३ किलोमीटरच्या परिघातील पक्षी मारायचे ठरले आणि लाखो कोंबड्या खड्ड्यात गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग निघाला. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, नवापुरावर पुन्हा तीच पाळी आली. तोवर परिघ १ किलोमीटरवर आला होता.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. या रोगाचा विषाणू लागण झालेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून आणि नाकातोंडातल्या स्रावातून बाहेर पडतो. पक्षी आजारी दिसण्याआधीच हे सुरू झालेले असू शकते. मग अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती, गाडीची चाके, आपल्याच पायातल्या वहाणा त्याला पुढच्या खुराड्यात पोहोचवतात. आजारी पक्ष्यावर औषध नाही. शिवाय हा विषाणू माणसालाही क्वचित लागतो, आणि लागला तर जिवावर बेततो. म्हणून आग लागल्यावर शेजारची गंजीही ओढून काढावी, तसा हा उपाय आहे.

यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, मारण्यापेक्षा लस टोचा. चीनमध्ये बरीच वर्षे लस देतात. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस देणे सुरू केले. पण लस दिलेला पक्षी आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकतो. त्यामुळे सतत तपासण्या कराव्या लागतात, आणि घेणारे देश असा माल नाकारतात. आपल्याकडे या रोगासाठी मारण्याचेच धोरण राहिले आहे. मला स्वतःला ते आज तरी योग्य वाटते. गावोगावच्या परसातली मोकळी कोंबडी धरून वेळोवेळी टोचणार कोण?

मात्र भरपाईचे गणित मला पटत नाही. २०२१ च्या साथीत अंड्यावरील मोठ्या पक्ष्याला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या पक्ष्याला ७० रुपये, पिल्लाला २० रुपये आणि अंड्याला ३ रुपये असे दर होते. खाद्याला किलोला १२ रुपये धरले होते. तलंग अंड्यावर येईपर्यंत साधारण ८ किलो खाद्य खाते. सरकारच्याच भावाने ते ९६ रुपयांचे झाले! पिल्लाची किंमत, लसी, वीज, मजुरी वेगळीच. त्यातून भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्याची. आपणहून मेलेल्याची नाही. अशाने मर लागल्यावर माणूस कळवण्याऐवजी उरलेला माल रातोरात बाजारात काढतो, आणि त्याच गाडीतून रोग पुढच्या तालुक्यात जातो. निदान कळवल्या दिवसापासून मेलेला पक्षीही हिशेबात धरला, तर लोक आपण होऊन दवाखान्यात येतील.

तोवर आपण एवढे करावे. एकाएकी जास्त पक्षी मेले तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात कळवावे. मेलेला पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, उघड्या हाताने सोलू तर मुळीच नये. जे उशिरा कळवतात त्यांचे पक्षी वाट पाहता पाहता मरतात आणि भरपाईतून गळतात, हेही ध्यानात असू द्या. पक्षी, अंडी आणि खाद्य यांची नोंद वहीत रोज ठेवावी. मारायची वेळ आलीच तर पंचनाम्यात आकडे आपल्यासमोर घालून घ्यावेत व त्याची प्रत मागावी. भरपाईचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर आधीच विचारून ठेवावेत.

हे सगळे त्या आजींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पैसे किती दिवसांत येतील?" मी म्हणालो, "आजी, विचारून सांगतो." अजून मला त्यांना नक्की दिवस सांगता आलेला नाही.