झाड जगवणारी करवत

लखनौजवळच्या मलिहाबाद-काकोरी पट्ट्यात दशेरी आंब्याच्या जुन्या बागा आहेत. दहा-दहा मीटरवर लावलेली कलमं चाळीस-पन्नास वर्षांत इतकी पसरतात की फांद्यांत फांद्या गुंततात. आत ऊन पोचत नाही, मोहोर शेंड्यापुरता उरतो, फवारणी वरपर्यंत जात नाही. असं थकलेलं झाड एरवी लाकडाच्या वखारीची वाट धरतं. त्याला पुन्हा फळतं करण्याची रीत रहमानखेडा इथल्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेनं बसवून दिली. १९७२ साली आंबा संशोधन केंद्र म्हणून ही संस्था सुरू झाली. तिच्या या रीतीत पेट्रोलवर चालणारी चेनसॉ हे महत्त्वाचं अवजार आहे.

डिसेंबर-जानेवारीत जाड फांद्या जमिनीपासून चारेक मीटर उंचीवर कापायच्या आणि उघड्या तोंडांना कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप द्यायचा. पुढे धुमारे फुटतात. त्यांतले जोमदार, बाहेरच्या अंगाला वळलेले तेवढे ठेवून बाकीचे काढायचे. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा फळू लागतं. सगळं झाड एकदम बोडकं केलं तर खोडकिड्याचा धोका वाढतो. म्हणून मधली उंच फांदी आधी आणि उरलेल्या टप्प्याटप्प्यानं कापणं अधिक शहाणपणाचं.

करवत निवडायची ती हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून. वखारीतल्या ओंडक्याला काप कसाही चालतो. जगणाऱ्या झाडाला तो जन्मभर बाळगायचा असतो.

दुकानात नजर आधी इंजिनाच्या आकड्यावर जाते. ५८ सीसी आणि २२ इंची बार बघून भुरळ पडते. पण छाटणीत येणाऱ्या फूटभर जाडीच्या फांद्यांना ४० ते ५० सीसीचं इंजिन आणि १६ इंची बार पुरेसा होतो. बुंधेही कापायचे असतील तर १८ इंची घ्यावा. बार लांबला की वजन वाढतं, हात लवकर भरून येतात आणि थकल्या हातांचा काप वाकडा जातो. जाड फांदी आधी खालून थोडी कापावी, मग वरून. नाहीतर ती तुटताना खोडाची साल सोलत नेते आणि त्या जखमेतून पाणी नि कीड आत शिरते.

चेनला मात्र इंजिनाहून जास्त महत्त्व द्यावं. धारदार चेन लाकडाचे कपचे काढते. बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो आणि माणूस यंत्रावर जोर टाकू लागतो. धार गोल कानशीनं लावतात. दाताचा कोन कसा राखायचा हे दुकानदारानं हातानं करून दाखवावं. चेन, बार, प्लग आणि फिल्टर जवळच्या गावात मिळतात का, हेही विचारून घ्यावं. छाटणीच्या ऐन दिवसांत सुटा भाग मिळाला नाही तर नामांकित यंत्रही पडून राहतं.

या दातांमागे एक सुंदर निरीक्षण आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत आणली. सुरुवातीच्या करवती इतक्या जड की दोघांनी धराव्या लागत. जुन्या चेनचे दात लवकर बोथट होत. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्यानं १९४६ साली एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना न्याहाळली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत आणि ती लाकडात हव्या त्या दिशेनं शिरे. त्यावरून त्यानं नव्या दातांची चेन घडवली. ती १९४७ साली बाजारात आली आणि आजच्या चेन तिच्याच वंशातल्या आहेत. आंब्याचा खोडकिडा, कोकणातला भिरूड, हाही त्याच भुंगेऱ्याच्या कुळातला. म्हणून ज्या किड्याच्या कुळाकडून करवत कापायला शिकली, त्याच कुळापासून कापलेलं झाड राखायचं असतं.

चेन ब्रेक नसलेलं यंत्र घेऊच नये. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत क्षणात उसळून तोंडाकडे येते. शिडीवर उभं राहून किंवा खांद्याच्या वर धरून ती चालवू नये. उंचावरच्या बारीक फांद्यांना लांब दांड्याची हातकरवत बरी.

निघालेलं लाकूड लखनौच्या थंडीतच हाती येतं, पण ओलं. लगेच पेटवलं तर धूर फार होतो. हात-दीड हात लांबीचे तुकडे करून, फोडून, वारा खेळेल असे रचून ठेवले तर पुढच्या हिवाळ्यात शेकोटीला उत्तम सरपण मिळतं. अख्खं झाड पाडायचं असेल तर मात्र परवानगी लागते. उत्तर प्रदेशात त्यासाठी १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात १९६४ चा.

कोकणातल्या जुन्या हापूस बागांचं दुखणंही असंच आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानंही त्यांच्या पुनरुज्जीवनाची शिफारस केली आहे. छाटणीचा हंगाम आणि उंची तिथल्याच तज्ज्ञांना विचारून ठरवावी. करवत घ्यायला निघण्याआधी बागायतदारानं आपल्या फांद्यांची जाडी टेपनं मोजावी. मोठ्या इंजिनाचे वाचलेले पैसे हेल्मेट, चष्मा, कानांचं संरक्षण, मजबूत बूट आणि एक जादा चेन यांवर घालावेत.