आपोआप उघडणारे दरवाजे आणि माझी कटोरी

पावसाळा ऐन भरात आला की बदलापुरात मोबाइलवर निरोप फिरू लागतो : बारवी भरली. पाणी ७२.६० मीटरला टेकलं की धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात. कुणी चाक फिरवत नाही, बटण दाबत नाही. नदीकाठच्या गावांना इशारा आधीच गेलेला असतो. मग आमच्यासारखे रिकामटेकडे लांबूनच ते पाणी बघायला जातात. बाकीचे फोटो काढतात, मी तोल कुठे धरलाय ते शोधतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं काही दिसत नाही.

पाण्याच्याच जोरावर उघडणारा दरवाजा ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी असे दरवाजे बसवले. तेव्हा ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात इंजिनीअर होते. तलाव भरला की वरचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. भिंत उंच करावी तर ती आधीच जुनी. त्यांनी सांडव्यावर दरवाजे उभे केले आणि साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी चढवली. खरी गंमत दरवाजात नाही, बाजूच्या विहिरीत आहे. पाणी ठरल्या रेषेच्या वर गेलं की नळातून त्या विहिरीत उतरतं, तिथे टांगलेलं वजन पाण्यात हलकं होतं, तोल ढळतो आणि दरवाजा सरकतो. पूर ओसरला, विहीर रिकामी झाली, की वजन पुन्हा जड आणि दरवाजा बंद. रात्री दोन वाजता धुवांधार पावसात चौकीदार झोपला असला तरी बिघडत नाही.

या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं. मात्र सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही, असं सांगतात. पुढे ग्वाल्हेरचं तिग्रा आणि म्हैसूरचं कृष्णराजसागर इथेही त्यांची ही पद्धत गेली. या गोष्टीतला त्याग सगळे सांगतात. मला दुसरंच दिसतं : त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. तलाव त्यांच्याच खात्याचा, पैसे खात्याचे, कारागीरही खात्याचे. नमुना चालतो की नाही हे बघायला अख्खा पूर फुकट मिळाला.

त्याच काळात लंडनमध्ये एक मुंबईकर पेटंटं घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरत होता. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक वाचून यंत्रं शिकलेला माणूस. साखर, पीठ असला माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका मासिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, आणि भिसे मुंबईची नोकरी सोडून तिकडे गेले. तिथे त्यांच्या पाठीशी दादाभाई नौरोजी उभे राहिले. नुसते शब्दांनी नाही, पैशांनीही. भिशांनी छापखान्याचे खिळे ओतणारं यंत्र काढलं, ‘भिसोटाइप’. जुन्या यंत्रांपेक्षा ते कितीतरी भरभर खिळे पाडायचं.

यंत्र चांगलं होतं, पेटंटही होतं. तरी पुढे? छापखानेवाल्यांनी जुन्या कंपन्यांची यंत्रं आधीच घेतलेली. त्यांचे सुटे भाग दाराशी मिळतात, ती चालवणारी माणसं तयार आहेत. नवं यंत्र घ्यायचं तर आधी ते कारखान्यात बनायला हवं, आणि कारखान्याला भांडवल हवं. दादाभाईंचे स्नेही, समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभं करायचा प्रयत्न केला, तो फसला. १९०८ च्या अखेरीस भिसे हात हलवत मुंबईला निघाले. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला आणि सर रतन टाटांनी पैसा घातला; टाटा-भिसे असं जोडनावच निघालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोही आधार सुटला. भिसे न्यूयॉर्कला गेले, पुन्हा खिळ्यांच्या यंत्राच्या कंपन्यांच्या मागे लागले, मध्येच आयोडीनचं ‘ॲटोमिडीन’ नावाचं औषध काढलं, आणि १९३५ साली तिथेच वारले. चाळीसेक पेटंटं त्यांच्या नावावर सांगतात. त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणतात ते मला खटकतं. एडिसनकडे कारखाना होता, माणसं होती, सावकार होते. भिशांकडे दादाभाईंची पत्रं होती.

कायद्याचं म्हणाल तर पेटंट आपल्याकडे १८५६ पासून आहे. पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंग यांचा, पंखा ओढायच्या यंत्राचा. म्हणजे तेव्हाही प्रश्न नोकर झोपल्यावर काय, हाच. १९११ चा कायदा आला, तो जाऊन १९७० चा आला आणि लागू झाला २० एप्रिल १९७२ ला. बारवीचं धरणही १९७२ चंच. औषधांच्या पेटंटवरून नंतर मोठा गदारोळ झाला, पण वर्कशॉपवाल्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

आता माझं. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे पाणी रात्री दोनेक तास यायचं. टाकीत पितळी बॉलकॉक. त्याची खोड अशी की टाकी निम्म्यावर आली की गोळा वर चढून नळ अर्धा मिटवतो. धार बारीक होते, आणि टाकी भरायच्या आत पाणी गेलेलं असतं. मी गोळ्याभोवती एक कटोरी बसवली. टाकीतलं पाणी कटोरीच्या काठावरून आत सांडेपर्यंत गोळा खालीच आणि नळ सताड उघडा. पाणी काठावरून आलं की कटोरी क्षणात भरते, गोळा उसळतो, नळ खटकन बंद. तळाला एक झडप : टाकी बरीच उतरली की ती पडते आणि कटोरी रिकामी होते. खडकवासल्याची विहीरच ती, वाटीएवढी केलेली.

सात नग केले. चार शेजाऱ्यांना दिले, दोन उल्हासनगरच्या एका दुकानात ठेवले. उल्हासनगरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मलाही ठाऊक होता, तरी ठेवले. महिनाभराने एक गिऱ्हाईक तसाच व्हॉल्व्ह घेऊन माझ्याकडे आलं, प्लास्टिकच्या कटोरीचा. म्हणालं, “काका, तुमच्यापेक्षा साठ रुपये स्वस्त आहे, जरा बसवून द्या.”

मी फोर्टात पेटंट एजंटकडे गेलो. त्यांनी नग हातात घेतला, झडप दोनदा वरखाली केली आणि पहिला प्रश्न विचारला, “बाजारात ठेवलात का?” ठेवला म्हटल्यावर त्यांनी नग टेबलावर ठेवला. अर्ज करायच्या आधी वस्तू लोकांपुढे गेली की तिचं नवेपण संपतं. कॉपी करणाऱ्याने नाही, मीच ते संपवलं होतं. शिवाय उशिरा मिटणारे असले व्हॉल्व्ह विलायतेत जुने आहेत, हेही त्यांनी पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं. “तुमच्याकडे नवीन काही असलं तर ती झडप पडायची तऱ्हा. तेवढ्यावर दावा करता आला असता. आणि पेटंट म्हणजे माल विकायचा परवाना नाही हो. दुसऱ्याला मनाई करायचा हक्क. मनाई करायला कोर्टात जावं लागतं.” सल्ल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी आधी तात्पुरता तपशील दाखल केला असता. त्याने तारीख हातात येते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत दहा टाक्यांवर बसवून बघायचं, आणि बनवणारा कारखानदार शोधायचा. आज एकट्या माणसाला ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांत होतो. तपासणीचे ४,००० वेगळे, आणि ती मागायला ३१ महिन्यांची मुदत. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण, सुरुवातीला ८००, पुढे चढत जातं, अशी २० वर्षं. एजंटची फी या सगळ्याच्या वर. एमआयडीसीतली पोरं मला विचारतात तेव्हा मी आकडे सांगतो आणि विचारतो, पहिले शंभर नग कोण घेणार? बहुतेकांना तो प्रश्न अपशकुनासारखा वाटतो.

गेल्या वर्षी आमच्या गच्चीवरचा माझा सातवा नग अखेर गळू लागला. पितळ झिजलं होतं. उल्हासनगरच्या त्याच दुकानातून नवा आणला, आता तिथे मुलगा बसतो. आतला दांडा त्यांनी दोन सुतांनी वाढवला आहे, आणि झडपेला रबराची चकती लावली आहे. माझ्यापेक्षा घट्ट बसते.