वस्तऱ्याची शिंगी मूठ

आजोबांची धोकटी उघडली तेव्हा वस्तऱ्याचं पातं बरं होतं. पाठीवर थोडा गंज, बुडाशी ‘शेफील्ड’ ही पुसट अक्षरं. हाल झाले होते ते मुठीचे. म्हशीच्या शिंगाची ती काळी मूठ राखेसारखी पांढुरकी पडली होती, टोकाला पापुद्रे सुटले होते. तिची एक बाजू तर इतकी वाकली होती, की वस्तरा मिटताना धार तिलाच घासत होती.

आजोबा धर्मापुरीचे वारीक, म्हणजे न्हावी. खळ्यावर बलुतं घेत, लग्नकार्यात आरसा दाखवत. आमच्या गावात लोक येतात ते केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ पाहायला. तिथला कोरीव दगड आठ-नऊशे वर्षं ऊन खातोय. शिंगाला ते जमत नाही.

शिंग म्हणजे हाड नव्हे. आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर टोपीसारखं चढलेलं असतं ते शिंग. ते केराटिनचं असतं. आपले केस आणि नखंही त्याचीच. वस्तरा जे कापतो त्याच जातीच्या द्रव्याची त्याची मूठ! हे कळल्यापासून मला तिची दुखणी नीट समजू लागली. शिंग नखासारखं थराथरानं वाढतं, कोरड्या हवेत आकसतं, ओलाव्यानं फुगतं. बालाघाटावरचा उन्हाळा पत्र्याच्या घरात पेटीतल्या वस्तूंनाही सोसवत नाही. दर वर्षी थोडं आकसायचं, पावसाळ्यात थोडं फुगायचं. असं करता करता थर एकमेकांना सोडतात. शिवाय केराटिनवर जगणाऱ्या किड्यांच्या अळ्या त्याला बारीक खड्डे पाडतात.

वाकण्याचं कारण मात्र त्याच्या जन्मातच आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारागीर शिंग तापवून मऊ करत, उलगडून सपाट करत आणि साच्यात दाबून पट्ट्या काढत. मूळच्या बाकाची ओढ शिंगात तरीही राहतेच. उष्णता मिळाली की ते पुन्हा वळू पाहतं. म्हणून दुरुस्तीही उष्णतेनंच करायची: पट्टी काही मिनिटं गरम पाण्यात धरायची आणि दोन सपाट लाकडांमध्ये आवळून पूर्ण गार होईपर्यंत ठेवायची. घाई केली की ती तडकते.

त्याआधी मूठ खरंच शिंगाची आहे का, ते पाहावं लागतं. बऱ्याच जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. अंगठ्यानं जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड समजावं आणि विस्तवापासून लांब ठेवावं, कारण ते भडकन पेटतं. शिंग घासलं की जळक्या केसांचा वास येतो आणि उजेडात धरलं तर त्यातले तंतू दिसतात.

मूठ उघडताना हातोडी मारू नये. पितळी रिबिटाचं डोकं कानशीनं घासून उडवायचं आणि खिळा हळूच बाहेर ढकलायचा. सुटलेल्या पापुद्र्यांत पातळ इन्स्टंट गोंद उतरवायचा, किड्यांच्या खड्ड्यांत शिंगाचाच भुसा गोंदात कालवून भरायचा. हा भुसा छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं हवंच. तेल मात्र शेवटी. मी पहिल्यांदा उलटं केलं, आधी तेलात बुडवलं; मग गोंद कुठेच धरेना आणि आठवडा वाया गेला.

तेल कोणतं, हा खरा प्रश्न. आमच्याकडे हाताशी करडईचं. पण करडई आणि जवस ही हवेत सुकून चिकट थर धरणारी तेलं. मुठीवर रोगणासारखी बसतात आणि सांध्यात किटण होतं. जाणकार गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल वापरतात, नाही तर साधं खनिज तेल. त्यात पट्ट्या काही दिवस ठेवल्या की पांढुरकेपणा ओसरतो आणि आतला काळा-तपकिरी रंग वर येतो. गेलेली चीर तेलानं भरत नाही. पुढची चीर पडणं लांबतं, एवढंच.

रोजच्या वापरातल्या मुठीला हे सोपस्कार लागत नसावेत. डोक्याची तेलमालीश करणारा हातच वस्तरा धरायचा. ब्लेडची पाती आली, पुढे एचआयव्हीच्या भीतीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं सुरू झालं. ते योग्यच झालं. पण जुना वस्तरा पेटीत गेला आणि त्याची मूठ वाळत गेली.

त्या धोकटीला मी नुसती हजामतीची पिशवी म्हणू शकत नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला, तेव्हा अशाच वस्तऱ्यांनी काम नाकारलं होतं.

शेवटचं काम नवं रिबिट ठोकण्याचं. दोन वायसर, लहान हातोडी आणि अगदी हलके ठोके. एक ठोका जास्त पडला तर शिंग भोकापासून फाटतं. मी पातं मिटलं, ते दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलं, कुठे घासलं नाही.

पोळ्याला गावात बैलांची शिंगं साळतात, तासून गुळगुळीत करतात, तेल चोळतात, मग रंगवतात. जितराबाच्या शिंगाला काय हवं ते आमच्या शेतकऱ्यांना ठाऊकच होतं. आता पोळ्याच्या सकाळी मीही धोकटी सोडतो आणि चिंधीवर तेलाचे दोन थेंब घेतो.