लेबलावरचं नाव जर्मनीत कुणाचं?

आज पाककृती नाही, आज बोलायचं आहे डब्यावरच्या लेबलाबद्दल.

रेगेन्सबर्गमध्ये आपली घरं वाढली, तसे घरगुती उद्योगही वाढले. कुणी दिवाळीला फराळाचे डबे करतं, कुणी गोडा मसाला आणि भाजणी ऑनलाइन विकतं, कुणी पुण्या-सांगलीहून नातेवाइकांचा माल आणून इथल्या दुकानांना देतं. यातल्या बहुतेकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमचं नाव रजिस्टर्ड आहे."

कुठे, असं विचारलं की उत्तर मिळतं, मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसात. किंवा, इथे गेवेर्बे-आनमेल्डुंग केलंय की! दोन्ही आवश्यक, पण या प्रश्नाला दोन्ही अपुरी. भारतातला ट्रेडमार्क भारताच्या सीमेवर संपतो. गेवेर्बे-आनमेल्डुंग म्हणजे आपण धंदा सुरू केल्याचं पालिकेला कळवणं, बस. वर्षानुवर्षं नाव वापरून काही हक्क तयार होतात हे खरं, पण ते कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करत बसावं लागतं. नोंदणी असली की कागद दाखवला, काम झालं.

हे किती महागात पडू शकतं, याचं एक उदाहरण आपल्या शेजारच्या म्युनिकमध्येच घडलं. बीजिंगची वांग झिहे ही आंबवलेल्या टोफूची पेढी, १६६९ पासूनची. तीनशे वर्षांहून जुनं नाव! परदेशात ट्रेडमार्क घ्यायला निघाल्यावर २००६ मध्ये त्यांना कळलं की जर्मनीत ते नाव आधीच नोंदलेलं आहे आणि ते नोंदवलंय चिनी खाद्यपदार्थांच्या इथल्याच एका आयातदाराने. पेढी म्युनिकच्या कोर्टात गेली. २००७ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, आयातदाराने अपील केलं, आणि २००९ मध्ये वरच्या कोर्टानेही पेढीचंच म्हणणं मान्य केलं. म्हणजे न्याय मिळाला, पण त्याला सुमारे तीन वर्षं आणि दोन कोर्टं लागली. आपल्या चकलीच्या धंद्याला तीन वर्षांचा वकील परवडेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता नोंदणी. जर्मनीचं पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालय, म्हणजे डीपीएमए, म्युनिकलाच आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. फी २९० युरो, त्यात तीन वर्ग येतात. पुढच्या प्रत्येक वर्गाला १०० युरो. संरक्षण दहा वर्षांचं, नंतर नूतनीकरण, तेही पुन्हा पुन्हा करता येतं. वर्ग म्हणजे वस्तू आणि सेवांचे ४५ कप्पे. आपल्या स्वयंपाकघराची यात गंमत होते : लोणचं २९ मध्ये, चटणी आणि मसाले ३० मध्ये, आणि केटरिंग ४३ मध्ये. पुढे काय विकणार आहोत याचा विचार आधीच करा, कारण अर्ज भरल्यावर त्याच अर्जात नवा माल घुसवता येत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज पुढेच आहे. मी आयटीतला माणूस. आमच्याकडे एखादं युजरनेम आधीच घेतलेलं असेल तर सिस्टीम लाल अक्षरांत सांगते. डीपीएमए तसं सांगत नाही! नाव निव्वळ वर्णनात्मक आहे का, दिशाभूल करणारं आहे का, एवढं ते पाहतात. तसंच नाव दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे ते तपासतच नाहीत. नोंदणी मिळते, आपण खूश होतो, लेबलं छापतो आणि मग जुन्या मालकाच्या वकिलाचं पत्र येतं. त्याला इथे आबमानुंग म्हणतात. त्यात नाव वापरणं थांबवण्याची मागणी असते आणि बहुधा वकिलाचं बिलही.

म्हणून शोध आपणच घ्यायचा. डीपीएमए-रजिस्टर आणि टीएमव्ह्यू हे दोन्ही माहितीसाठे फुकट आहेत. शोधताना फक्त स्पेलिंग पाहू नका. साम्य ठरतं ते इथल्या ग्राहकाच्या डोळ्याला आणि कानाला. आपल्या जोशींचे ऑफिसात योशी कसे होतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा आपलं नाव एखाद्या जर्मन सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि तो जे म्हणेल तेही शोधा. देवनागरीतलं नाव इथे शब्दचिन्ह म्हणून जात नाही, ते चित्र म्हणून नोंदवावं लागतं, सोबत रोमन लिप्यंतर आणि भाषांतर द्यावं लागतं. पैसे एकाच अर्जाचे असतील तर माझं मत, आधी रोमन अक्षरांतला शब्द नोंदवा.

जर्मनी की संपूर्ण युरोपीय संघ? संघाचं कार्यालय स्पेनमध्ये, आलिकांतेला. ऑनलाइन फी एका वर्गासाठी ८५० युरो, आणि संरक्षण २७ देशांत. पण त्यांतल्या एकाही देशात कुणाचा जुना हक्क आडवा आला तर सगळा अर्ज अडकू शकतो. रेगेन्सबर्ग, न्यूर्नबर्ग आणि म्युनिकपुरता धंदा असेल तर जर्मन नोंदणीने सुरुवात करणं शहाणपणाचं. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या २७ मध्ये नाहीत, हे तिकडच्या श्रोत्यांसाठी. भारतातल्या अर्जाला सहा महिने झाले नसतील, तर तीच तारीख इथेही मागता येते. शिवाय ८ जुलै २०१३ पासून भारत माद्रिद व्यवस्थेत आहे, त्यामुळे तिथल्या कंपनीला भारतातूनच जर्मनीसाठी अर्ज करता येतो. मात्र पहिली पाच वर्षं तो अर्ज भारतातल्या मूळ ट्रेडमार्कवर अवलंबून राहतो. तो पडला की हाही पडतो.

आणि मग नाजूक प्रश्न : नोंदणी कुणाच्या नावावर? माल सांगलीच्या काकांचा, धावपळ इथल्या पुतण्याची. पुतण्याने सोयीसाठी स्वतःच्या नावावर अर्ज केला, तर कागदावर मालक तो. कायद्याने अशा प्रतिनिधीकडून नाव परत मागता येतं, पण घरातल्या घरात नोटिसा पाठवायची वेळ कशाला आणायची? काकांनी मालक राहावं, पुतण्याने लेखी परवाना घ्यावा, त्यात मुदत आणि हिशेब लिहावा. हे अर्जाच्या आधी, चहाच्या टेबलावर.

नोंदणी प्रसिद्ध झाली की तीन महिने कुणालाही हरकत घेता येते. तेवढा काळ धीराने घ्या, हजारो लेबलं छापू नका. पाच वर्षं नाव वापरलंच नाही तर ते रद्द होण्याची शक्यता असते, म्हणून तारखा असलेली बिलं आणि पाकिटांचे फोटो जपून ठेवा. दुसरं कुणी मिळतंजुळतं नाव नोंदवतंय का, यावरही लक्ष आपणच ठेवायचं.

याच सुमारास पत्रपेटीत सरकारी दिसणारी बिलं पडू लागतात. गरुडासारखं चिन्ह, लांबलचक जर्मन नाव, आणि "रजिस्टरमध्ये प्रकाशन" किंवा "नूतनीकरण" म्हणून भलीमोठी रक्कम. आपला पत्ता त्यांना जाहीर रजिस्टरमधूनच मिळालेला असतो. पैसे भरण्याआधी बिलावरचं खातं कुणाचं आहे ते पाहा आणि डीपीएमएच्या संकेतस्थळावरच्या इशाऱ्यांशी ते नाव ताडून घ्या. शंका राहिली तर थेट डीपीएमएला फोन करा, तोही त्यांच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर. बिलावर छापलेल्या नाही.