भूतकाळ व क्रियाव्याप्ती, प्राचीन इंडो-यूरोपीय

प्राचीन इंडो-यूरोपीय क्रियापद हे क्रिया केव्हा घडली यापेक्षा ती कशी घडली, हे प्रथम सांगत असे. क्रियेच्या या स्वरूपास क्रियाव्याप्ती म्हणतात. वैदिक व ग्रीक यांच्या तुलनेवरून तिचे तीन प्रकार मानतात : चालू क्रिया, एकसंध घटना म्हणून पाहिलेली क्रिया आणि क्रियेतून उरलेली स्थिती. वैदिक ‘वेद’ व ग्रीक ‘ओइद’ ही रूपाने तिसऱ्या प्रकारची. मूळ अर्थ ‘पाहिले आहे’, म्हणून ‘जाणतो’. हिटाइट भाषेत मात्र हा त्रिविध भेद नाही. त्यामुळे तो मूळ भाषेत कितपत स्थिरावला होता, याविषयी मतभेद आहेत.

संस्कृतात या भेदाचे कालभेदात रूपांतर झाले. पाणिनीच्या मते लुङ् (अकार्षीत्) सामान्य भूतकाळाचा, लङ् (अकरोत्) आजपूर्वीच्या आणि लिट् (चकार) वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेचा वाचक होय. पुढे अभिजात संस्कृतात हे भेदही पुसट झाले व ‘कृत’सारखी धातुसाधिते भूतकाळाचे काम करू लागली. पाली भाषेने ‘अकासि’सारखी जुनी रूपे टिकविली, इतर प्राकृतांत ती झपाट्याने विरळ झाली.

महाराष्ट्रात या स्थित्यंतराचा उत्तम पुरावा जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटात आहे. तेथील सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानतात. इतिहासकार तो यज्ञ, गायी व नाणी यांच्या आकड्यांसाठी वाचतात. व्याकरणदृष्ट्याही तो तितकाच मोलाचा आहे. यज्ञांच्या यादीत ‘यिठो’ (सं. इष्टः) व ‘दिना’ (सं. दत्ता) ही रूपे पुनःपुन्हा येतात. ‘यिठो’ हे पुल्लिंगी ‘यंञो’शी, तर ‘दिना’ हे स्त्रीलिंगी ‘दखिना’शी जुळते, यज्ञ करणाऱ्याच्या लिंगाचा येथे संबंध नाही. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख तर बहुधा ‘देयधम’ (दानधर्म) एवढ्यावरच थांबतात. त्यांना क्रियापद लागतच नाही. तीन दाते स्वतःस यवन म्हणवितात, पण त्यांचे लेखही याच धाटणीचे आहेत.

मराठीतील ‘राणीने यज्ञ केला’, ‘राणीने दक्षिणा दिली’ ही कर्मणी रचना याच परंपरेतील आहे. ‘ल’ हा प्राकृत ‘-इल्ल’ प्रत्ययातून आला. क्रियाव्याप्तीचा भेद मराठीने साहाय्यक क्रियापदांनी नव्याने उभारला : ‘करीत होती’ यात क्रिया चालू आहे, ‘केला आहे’ यात तिचा परिणाम उरला आहे, तर ‘करीत असे’ यात ती नित्याची आहे.