डोंगर नसलेला ज्वालामुखी

कोल्हापुरातून जोतिबाचा डोंगर पाहिला की माथा छाटलेला शंकूच दिसतो. भूगोलाच्या पुस्तकातलं ज्वालामुखीचं चित्र नेमकं असंच असायचं. त्यामुळं लहानपणी माझी खात्रीच होती की गुलालानं माखलेल्या त्या वाटांखाली कुठंतरी आग झोपलेली आहे. पुढं कळलं, जोतिबा ज्वालामुखी नाही. मात्र तो ज्या दगडाचा आहे, त्याची गोष्ट शंकूत मावणारी नाही.

ज्वालामुखींची शाळेत शिकलेली वाटणी जागृत, निद्रिस्त आणि मृत अशी. मला ती सगळ्यात कच्ची वाटते. अंदमानातलं बॅरन बेट दीडशेहून अधिक वर्षं गप्प होतं आणि 1991 मध्ये पुन्हा धगधगलं. आकारावरून केलेली वाटणी अधिक बोलकी, कारण आकार लाव्हाच्या स्वभावातून येतो. सिलिका कमी असली की लाव्हा पातळ होतो आणि दूरवर पसरतो. हवाईचा मौना लोआ त्यामुळंच पालथ्या ढालीसारखा पसरट आहे. सिलिका वाढली की लाव्हा चिकट होतो, वायू कोंडतो आणि स्फोट होतात. राख आणि लाव्हाचे थर एकावर एक चढून जपानचा फुजी उभा राहिला. मेक्सिकोत 1943 साली एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात पारिकुतीन उगवला आणि वर्षभरात तीनशे मीटरच्या वर गेला. तो नुसत्या राखेचा आणि खड्यांचा ढीग.

स्फोटाची ताकद मोजायला 1982 पासून शून्य ते आठ अशी मोजपट्टी आहे. ती मुख्यतः हवेत उडालेली राख आणि दगड मोजते. शांतपणे वाहून गेलेला लाव्हा तिच्या हिशेबात येत नाही. आपला दख्खन नेमका इथंच निसटतो.

कारण दख्खनचा उद्रेक केंद्रीय नव्हे, भेगीय. जमीन लांबच लांब चिरली आणि चिरेतून लाव्हा वाहत राहिला. माणसानं पाहिलेलं याचं मोठं उदाहरण आइसलँडच्या लाकीचं: 1783 मध्ये सुमारे 27 किलोमीटरची भेग आठ महिने ओकत होती. वायूनं गुरं मेली, दुष्काळ पडला, देशातल्या दर पाच माणसांतलं एक गेलं. दख्खनसमोर लाकी म्हणजे ओहोळ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं थरावर थर साचले. आज झिजून उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी. पावसाळ्यानंतर सह्याद्रीची कुठलीही धार बघा: कडा, उतार, पुन्हा कडा.

घाटरस्त्याच्या कापात काळ्या कातळांमध्ये कधी तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंडावला, त्याच्या माथ्याची माती झाली आणि मग वरून दुसरा आला. दोन उद्रेकांमधली ती उसंत आहे.

1980 च्या दशकात या थरांची रासायनिक ओळख पटवून त्यांना गावांची नावं दिली गेली. तळाशी जव्हार, इगतपुरी; वर खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. थर दक्षिणेकडं किंचित कललेले असल्यानं जुने उत्तरेत उघडे पडले आणि सगळ्यात वरचे आपल्या वाट्याला आले. महाबळेश्वरच्या वरच्या थराचं नाव ‘पन्हाळा’, आणि त्याच्याही वर बेळगावजवळचा देसूर.

पुढची कोट्यवधी वर्षं पावसाची. त्यानं माथ्यावरचा काळा कातळ कुजवून जांभा केला. पन्हाळा, मसाई पठार यांचे सपाट माथे या जांभ्यानं राखले. भोवतालचा दगड नाल्यांनी वाहून नेला, आणि मधे उरला तो जोतिबाचा शंकू.